डावा दिवा

गाडी म्हटली की दादाला राहवायचं नाही. धाकट्या भावाची गाडी बघायला गिऱ्हाईक आलं, तसा तो न बोलावताच खाली पार्किंगमध्ये हजर झाला.

"डिझाइन बघा, दहा वर्षांनीही जुनं वाटणार नाही. अशा गाडीची किंमत सहसा पडत नाही," त्याने सुरुवात केली. मग बॉनेटवरून हात फिरवताना तो थबकला. "हा रंग मात्र कंपनीचा नाही. डावा दिवाही नवा बसवलाय. समोरून काहीतरी चांगलंच आदळलंय. आता किंमत पडणारच."

भाऊ मागून डोळ्यांनी गप्प बसायला खुणावत होता. दादाला वाटलं, पैशांपायी चाललंय. पण गाडीच्या बाबतीत खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही.

"हे काम कधीचं असेल?" गिऱ्हाइकाने शांतपणे विचारलं.

"ताजं आहे. फार तर महिन्याभरापूर्वीचं," दादा छाती फुगवून म्हणाला.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

गिऱ्हाइकाने खिशातून फोन काढला.




"मला गाडी घ्यायचीच नाही, दादा. महिन्याभरापूर्वी माझ्या आईला उडवून पळालेली गाडी शोधत फिरतोय."