दुसरा बुन्मा

"बुन्मा!" नर्स सुनिसानं दारातून हाक मारली. बाकावरचा बुन्मा हलला नाही. बायकोनं कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे उठला.

आत गेल्यावर सुनिसानं दार लोटून घेतलं. "काका, हृदय थांबून परत चालू झालेली माणसं माझ्याकडे मन मोकळं करायला येतात. तुम्ही नावाला ओ का देत नाही?"

त्यानं भिंतीकडे बघत सांगितलं. ना रडू, ना भीती. जणू भलत्याचीच गोष्ट. छातीतली धडधड थांबली तेव्हा यमाचे दूत आले. नाव विचारलं, फरफटत नेलं. उकळत्या कढया, किंकाळ्या. तिथं कुणीतरी खेकसलं, "हा नव्हे रे गाढवांनो, दुसरा बुन्मा!" शुद्धीवर आला, तर गावातला थोरला बुन्मा त्याच सकाळी गेलेला.

"डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त पोचलं नाही म्हणून दिसलं. गाव म्हणतं, पुण्याई दांडगी. पण माझ्या वाटणीचं तो भोगायला गेला."

विहारात भिक्खू प्रवचन गाऊ लागले की पहिल्याच कडव्याला ज्याचे डोळे पाझरायचे, तो हल्ली तिथंही लाकडासारखा बसून राही.

सुनिसानं त्याला खोटं पाडलं नाही. "हे त्यांच्या घरी सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं?"

"चला, मी येते बरोबर."

थोरल्याची बायको चांथी अंगणात चिकट भात वाफवत होती. बुन्मानं क्षमा मागायचं फुलं-मेणबत्त्यांचं तबक पुढं ठेवलं, गुडघे टेकले आणि सगळं सांगून टाकलं. "वहिनी, दादा माझ्यामुळं गेले. क्षमा करा."

चांथीनं चुलीला वारा घालायचा पंखा खाली ठेवला.

"म्हणजे ते यमाचे दूत तुझ्याकडे गेले होते होय रे! अन् आमचा म्हातारा पोटातल्या गाठीनं तळमळत रोज विचारायचा, 'मेले अजून कसे येईनात? घर तर नाही ना चुकले?' मी म्हणायची, 'गप पडा, यमाच्या दारी कुठं असा घोटाळा होतो!'"

हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं ते तबक उचललं, फिरवून बुन्माच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतःच हात जोडले.

"लेकरा, आमच्या घरी यायचे ते तुझ्या दारात शिरले. क्षमा आम्ही मागायची."