हैबतरावांचं नेपल्स

कावळा काही शिवेना.

हैबतरावांच्या दहाव्याचे पिंड मांडून बराच वेळ झाला होता. माल्याच्या नदीकाठी, करंजाच्या झाडावर, कावळे भरपूर होते. एखादा खाली येई, पिंडाभोवती दोन उड्या मारी, मान वाकडी करून बघे आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसे. ऊन चढलं होतं. लोक उपाशी होते, आणि भटजींना अजून पौडचं एक काम उरकायचं होतं.

थोरला मुलगा वाल्मीक हात जोडून म्हणाला की आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. धाकटे भाऊ भिवाजी यांनी बांधाचा वाद मिटला असं सगळ्यांसमक्ष कबूल केलं. बहीण सगुणाबाईनं नातीचं लग्न चांगल्या घरी करून द्यायचा शब्द दिला. कावळ्यानं चोच फांदीला घासली.

"जित्तेपणी तरी हाक मारल्यावर जेवाय कवा आले?" त्यांची बायको सारजाबाई वैतागून म्हणाली.

वैताग वरवरचा होता. तिच्या सासऱ्यांच्या वेळी असंच झालं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला होता, आणि सासू मरेपर्यंत रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसायची, ते अजून घराभोवतीच आहेत म्हणायची. तसं आपलं होऊ नये, एवढंच सारजाबाईला हवं होतं. भटजींनी दर्भ हातात घेतला तशी ती म्हणाली, "जरा थांबा."

"जीव कुटं अडकलाय ते मी सांगतो," शेजारचा गेणबा म्हणाला. "नेपलात."

लोक दमल्यासारखे हसले. हैबतरावांचं नेपल्स गावात कुणाला चुकलं नव्हतं. दुसऱ्या लढाईत ते इटलीत होते. परत आले तेव्हा ट्रंकेत त्या शहराची एकसारखी दोन रंगीत चित्रं होती. एक त्यांच्या भिंतीवर लागलं, दुसरं कोंडाजीच्या. कोंडाजी त्यांचा बालमित्र. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते आणि एकाच बैलगाडीतून परतले होते.

तेव्हापासून सोळा-सतरा वर्षं दर सोमवारी, बाजारचा दिवस म्हणून माणसं जमली की, हैबतराव अंगणात नेपल्स मांडत. सारजाबाईची परात म्हणजे बंदर. वरवंटा म्हणजे समुद्रातला किल्ला. त्याच्या पायात एक अंडं पुरलंय आणि ते फुटलं तर शहर बुडणार, असं तिथले लोक मानतात. पालथं मडकं म्हणजे धूर सोडणारा डोंगर. पाटा म्हणजे मोठं देऊळ; तिथं कुपीत एका साधूचं वाळलेलं रक्त आहे, ते सणाच्या दिवशी पातळ होतं. सूप म्हणजे संग्रहालय; राखेत गाडल्या गेलेल्या गावातली जळकी भाकरी तिथं मांडून ठेवली आहे. मग बोट फिरवत ते सगळ्यांना बंदरातून देवळापर्यंत नेत, आणि दर वळणावर विचारत, "व्हय का न्हाई, कोंडाजी?" समोर बसलेला कोंडाजी मान हलवी. "व्हय."

वाटण खोळंबलं की सारजाबाई आतून ओरडे, मला माझा किल्ला द्या. ती कधी पुण्याचा बाजार बघायला गेली नव्हती, पण नेपल्सच्या गल्ल्या तिला पाठ झाल्या होत्या. तेच शब्द, तीच वळणं. एकदा धरणावरचे एक साहेब आले, ते स्वतः नेपल्स पाहून आलेले. हैबतराव तापानं फणफणलेले होते, म्हणून साहेबांनी कोंडाजीला काहीतरी विचारलं. तर हे घोंगडी गुंडाळून बाहेर आले आणि दाराला धरून तासभर बोलले. त्या रात्री तिनं त्यांना खूप बोलून घेतलं, तेव्हा त्यांनी हळूच तिला कारण सांगितलं होतं.

वाल्मीकनं कंटाळून सांगून टाकलं, "आबा, मी नेपलला जाऊन येईन." कावळा उडाला आणि वरच्या फांदीवर बसला.

"तुझ्या जाण्याचं त्याला काय?" गेणबा म्हणाला. "कोंडाजी, तू संगं व्हतास. तू एकदा समदं शहर सांग. ऐकलं की सुटंल बिचारा."

सगळ्यांना ते पटलं. कोंडाजीला पुढे बसवलं. तो पिंडाकडे बघत म्हणाला, "बंदर व्हतं. मोठं."

"किल्ल्यावरनं देवळाकडं कुटनं जायचं? डावीकडनं का?" गेणबानं आठवण करून दिली.

कोंडाजीचे ओठ हलले. डोळे भरून आले. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि तसंच झाकून धरलं. बायका हळहळल्या. अशी दोस्ती आता कुठं राहिली, असं भटजीही म्हणाले.

"भावजींना बसू द्या गुमान," सारजाबाई म्हणाली आणि उठली. पिंडापाशी जाऊन ती वाकली, पदर तोंडाशी धरून दोन वाक्यं पुटपुटली आणि मागे सरली.

ती चार पावलं गेली नसेल, तोच कावळा खाली आला आणि त्यानं मधल्या पिंडात सरळ चोच घातली.

लोक भराभरा उठले. परतताना वाटेत कोंडाजी मागे रेंगाळला. सारजाबाई जवळ आली तसं त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "वैनी, काय सांगितलं त्याला?"

ती न थांबता म्हणाली, "सांगितलं, तुम्ही मुंबईच्या गोदीतनंच पळाला, बोटीवर चढलाच न्हाई, ही गोष्ट हितनं पुढं मी सांभाळीन. सोमवारी या. परात मी मांडीन."