खोलीची शांतता

घरात मार सोसणाऱ्या बायकांवरच्या रेडिओ माहितीपटासाठी मी बोझेनाच्या स्वयंपाकघरात मायक्रोफोन ठेवला, तेव्हा तिचा नवरा झेनोन तिला खेटून बसला. “देवमाणूस आहे हो,” ती पुटपुटली. “मिळालं ना, वॉर्सावाल्या बाई? आता गाशा गुंडाळा,” तो हसला. निघण्यापूर्वी खोलीची निव्वळ शांतता ध्वनिमुद्रित करणं हा आमचा रिवाज. मुलाखतीचे तुकडे सांधायला ती लागते. “क्षणभर आवाज करू नका,” मी बजावलं आणि हेडफोन चढवून डोळे मिटले. छपरावर करकोचे चोची वाजवत होते. मग टेबलाखाली वाळकी काटकी मोडल्यासारखं काहीतरी वाजलं. मी वाकून पाहिलं. तिची करंगळी त्याच्या मुठीत उलटी वळली होती. ओठ चावून तिनं किंकाळी गिळली. “करकोचा असेल,” तो म्हणाला. बोझेनानं दुसऱ्या हातानं मायक्रोफोन ओढला. “करकोचा नव्हता. मघाचं पुसा, बाई, सुरुवातीपासून सांगते.”