कर्मचारी कोण

"नियम नुसता मजकूर म्हणून लिहा, प्रोग्रॅम तो आयत्या वेळी चालवेल," धायगुडे सरांनी मॅनेजर मॅडमना ऐटीत सांगितलं.

"पण सर, त्या मजकुरातलं 'कर्मचारी' हे नाव प्रोग्रॅम कुठून उचलेल?" ज्युनिअर शलाकाने विचारलं.

"बारा वर्षं कोड लिहितोय मी," सर म्हणाले. हे उत्तर नव्हतं.

मॅडमनी सरांच्याच लॉगिनवरून लिहिलं: वर्षभरात एकही काम न केलेल्या कर्मचाऱ्याचं नाव छाप. प्रोग्रॅमने यादीतली दोनशे माणसं सोडून लॉगिन करून बसलेला 'कर्मचारी'च दोनशे वेळा तपासला. पडद्यावर दोनशे ओळी, सगळ्या धायगुडे.

"स्कोपचा, म्हणजे कुठलं नाव कुणाला लागू याचा, घोळ आहे मॅडम, दरवेळी मलाच तपासलंय त्यानं."

"असं होय," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे दोनशे वेळा खात्री झाली."