शिक्क्याची जागा

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या तेल कंपनीत यूसुफ मजुरांचे अंगठे उठवून घेई. अंगठा ओळखण्यात त्याची चूक होत नसे.

चौसष्टच्या उन्हाळ्यात कंपनीतल्या जपानी ओकाबे साहेबांना जपानहून एका नव्या कादंबरीच्या दोन प्रती आल्या. एक चाळताना यूसुफ शेवटच्या पानावर थबकला.

"इथं काय असतं, साहेब?"

"लेखकाचा शिक्का, यूसुफसान. तो उठवल्याशिवाय प्रत विकत नाहीत."

शिक्क्याच्या जागी अंगठा होता, अडकित्त्याने पडलेल्या तिरप्या व्रणाचा. तो झहूरचा होता, तीन वर्षांपूर्वी लाँचीसकट बुडालेल्या त्याच्या धाकट्या भावाचा. झहूरच्या मौतीची ग्वाही यूसुफला आजच रत्नागिरीला धाडायची होती. झहूरच्या बायकोचा, शहरबानूचा, दुसरा निकाह त्या कागदावाचून अडला होता.

"साहेब, मेलेल्या माणसाची थट्टा करू नये."

"कसली थट्टा? महिन्यापूर्वी छापलंय हे. लेखकाला मात्र कुणी पाहिलेलं नाही म्हणतात."

यूसुफने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग दुसरी प्रत ओढली. तिचं वेष्टन अजून चिकटवलेलंच होतं. ते फाडून त्याने शेवटचं पान उघडलं.

तोच अंगठा. यूसुफने त्यावर बोट टेकवलं.

शाई ओली होती.