मागच्या बाकावरून

एकावन्नाव्या वर्षी माझी बात मित्झ्वा ठरली, म्हणजे आम्हा ज्यूंचा धर्मग्रंथ, तोरा, सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचायचा विधी. अप्पा एवढंच म्हणाले, "हे बाराव्या वर्षी करायचं असतं." माझ्या बाराव्या वर्षी "मुलींनी तोरा वाचायची नसते" असं सांगणारेही तेच. मी तयारीला लागले. दिवसभर माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून "हं, घ्या पुढे" म्हणत लोकांना गाडी शिकवायची, आणि सिग्नलला मनातल्या मनात उतारा घोकायचा. सिनेगॉगमधल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरातल्या, शेवटच्या तालमीला अप्पांनाही न्यावं लागलं, कारण त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. ते मागच्या बाकावर डोळे मिटून बसले. आमच्यात वाचणारा चुकला की ऐकणारे तिथल्या तिथे टोकतात आणि तो शब्द परत वाचावा लागतो. पण आमचे धर्मगुरू रब्बी यांच्यापासून आत्यापर्यंत सगळे माझ्या चुका पोटात घालत होते. "या वयात एवढं जमतंय हेच खूप," आत्या म्हणाली. ग्रंथाला बोट लावायचं नसतं, म्हणून दिलेली चांदीची काडी मी पुढच्या ओळीवर सरकवली. "चुकलं," मागून आवाज आला. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी बरोबर शब्द सांगितला, चालीसकट. "दादा, राहू दे की," आत्या म्हणाली. "का राहू दे? वाचतेय ना ती?" सवयीने माझा पाय टेबलाखाली ब्रेक शोधायला लागला. मी काडी मागे घेतली आणि शब्द परत वाचला. "हं," अप्पा म्हणाले, "घे पुढे."