कुकरची शिट्टी

"आजपासून या लष्कराच्या भाकऱ्या बंद," म्हणत श्रीरंगने लॅपटॉप मिटला.

अंधांना फोनवरची वेळ आणि मेसेज मराठीत ऐकवणारं ते मोफत सॉफ्टवेअर तो नोकरी सांभाळून चालवायचा. आवाज बायकोचा, वैजयंतीचा; स्वयंपाकघरातच रेकॉर्ड केलेला. त्यामागची कुकरची शिट्टी काढण्यात महिन्याभराचे रविवार गेले होते. आणि आज पहिलीच प्रतिक्रिया आली होती, 'नवीन व्हर्जन आवडलं नाही.'

"पुढे काय लिहिलंय?"

"वाचलंच नाही."

वैजयंतीने पोह्यांची बशी बाजूला सारून लॅपटॉप उघडला आणि मोठ्याने वाचलं, "सकाळचे आठ वाजले, असं ताई सांगायच्या तेव्हा मागे शिट्टी व्हायची. मी एकटाच राहतो. घरात कुणीतरी स्वयंपाक करतंय असं वाटायचं. ती शिट्टी परत मिळेल का?"

श्रीरंगने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "जुनं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. आत्ताच घालतो."

"ते सकाळचंच ना?" वैजयंती उठली. डाळ-तांदूळ धुऊन तिने कुकर गॅसवर चढवला. "रात्रीचे आठही म्हणून टाकते. रात्रीही तो एकटाच असणार."